टाचणीचा उजवा पाय

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, खाली बघा. शिलाई मशीनच्या शेजारी, भिंतीला टेकून बसलेला करड्या बुटांचा जोड, तो मी. उजव्याच्या नाकावर काळ्या कापडाचं ठिगळ दिसतंय ना? खुशाल हसा. पण आधी ऐकून घ्या, मग हसा.

मला पहिल्यापासून चौकशा फार. कारखान्यात माझा तळ चिकटवला, वर जाळीचं कापड ताणून बसवलं, नाड्या ओवल्या आणि लगेच खोक्यात घातलं. अंधारात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच भुंगा: आपल्या पोटात एवढी मोकळी जागा ठेवलीय ती कशासाठी? इथे येणार तरी कोण?

उत्तर दुकानात मिळालं. तिथे एक म्हातारे सेल्समनकाका होते. दिवसातून चार वेळा ते माझं खोकं उघडायचे, आणि मला पाय बघायला मिळायचे. काय एकेक पाय! चपटे, कमानदार, बोटांवर बोटं चढलेले. आणि माणसं तर त्याहून मजेशीर. आधी रंग बघायचे. मग फळ पिकलंय का बघावं तसा अंगठ्याने बूट दाबायचे. मग घालून आरशासमोर तीन पावलं चालायचे आणि आरशात बघायचे ते स्वतःचा चेहरा! बूट बिचारा राहिला खाली.

"जरा घट्ट आहेत, पण होतील सैल," असं कुणी म्हणालं की सेल्समनकाका कपाळाला हात लावायचे.

एका दुपारी गळ्यात मापाची पट्टी तशीच राहिलेला एक शिंपी दुकानात आला. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. त्यांना बूट हवे होते लेकीसाठी. लेक काटकुळी आणि स्वभावाने टोकदार, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं टाचणी.

"कशाला हवेत बूट?" काकांनी विचारलं.

"अग्निशमन दलात भरती व्हायचंय तिला. मैदानी परीक्षा आहे तीन आठवड्यांनी. पळायचं, खुंट्यांमधून नागमोडी धावायचं, दोर चढायचा आणि वाळू भरलेला माणूस खांद्यावर घेऊन जायचा. दोनदा नापास झाली. पहिल्यांदा कापडी बुटात घसरली, गेल्या वर्षी मैत्रिणीचे पळायचे बूट घातले तर नागमोडीत घोटा मुरगळला. पुढच्या वर्षी वय संपतं. हा शेवटचा डाव आहे."

"मुरगळणारच की," काका म्हणाले. "पळायच्या बुटाची टाच उंच आणि मऊ. नाकासमोर पळायला फक्कड, पण झटकन बाजूला वळलं की पाय कलंडतो. वजन उचलणाऱ्यांचे बूट असतात फळीसारखे, त्यात धावता येत नाही. हिला सगळंच थोडं थोडं करायचंय ना? मग क्रॉस ट्रेनिंगचे घ्या." त्यांनी मला बाहेर काढून मधोमध वाकवलं. "हे बघा, बोटं वाकतात तिथेच वाकतो. टाच बसकी, तळ रुंद, कडा भक्कम, पुढे बोटं पसरायला जागा."

अहो, एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं! मी तर फुलूनच गेलो. तिथल्या तिथे ठरवलं की या टाचणीला आपण पास करायचंच.

"तिला घेऊन या," काका म्हणाले. "संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय थोडा पसरलेला असतो. उभं करून बघू."

मास्टरांनी ऐटीत खिशातून खाकी कागद काढला. त्याच्यावर पायाचा आकार कापलेला होता. "माप आणलंय. ती बटणं लावत बसली होती पाय लांब करून, तेव्हा अस्तराचा कागद आखायचा बहाणा करून गुपचूप घेतलं. दुकानात आणली असती तर 'नको बाबा, नको बाबा' करत माघारी फिरली असती."

"पण हा एकच पाय आहे. डावा."

"उजवा घडीवर! शर्टाची पाठ कापतो तशी. कापडाची घडी घालायची, अर्धं माप कापायचं, उघडलं की दुसरी बाजू तयार."

"मास्टर, पाय म्हणजे कापड नव्हे."

"तीस वर्षं मापं घेतोय मी," मास्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी काही धार होती, की काकांनी कागद माझ्या डाव्या तळाला लावून बघितला आणि खोकं पुढे केलं. मी आपला खुशीत खोक्यात शिरलो. मला तरी काय कळत होतं?

घरी टाचणीने मला बघितलं आणि "बाबा!" म्हणून किंचाळलीच. आधी डावा पाय घातला. वा! आमची जोडी जुळली म्हणायची. मग उजवा घातला आणि मी दचकलो. अंगठ्याचं नख थेट माझ्या भिंतीवर आदळलं होतं. तीही दचकली. मास्टर समोर उभे होते, डोळे तिच्या पायांवर खिळलेले.

"कसे झाले?"

"एकदम मापात," टाचणी म्हणाली.

मी थक्क झालो. माणूस असं खोटं कशासाठी बोलतं? तेही हसत हसत?

ते कोडं सुटायच्या आधी मैदान आलं. खोक्यात पडून ज्याची वाट बघितली ते सगळं एकाच सकाळी दिसलं. माती चाखली, दोराला घट्ट धरायला शिकलो, वाळूच्या माणसाचं वजन तिच्या खांद्यावरून तळापर्यंत कसं उतरतं ते कळलं. डावा तर हुंदडत होता नुसता. पण उजव्यात रोज तो अंगठा माझ्यावर आपटायचा. आठवड्याभरात नख निळं पडलं, मग काळं. तो अंगठा वाचवायला टाचणी उजवं पाऊल बाहेर वळवून टाकायला लागली. नागमोडी धाव वीस सेकंदांत संपवायची असते. तिला बावीस लागत होते.

"उजव्या अंगाला काय झालंय तुझ्या?" शिकवणारे सर शिट्टी तोंडातून काढून ओरडायचे. "गेल्या वर्षी घोटा गेला म्हणून घाबरतेस. भीती काढ आधी!"

आणि हळूहळू तिलाही वाटायला लागलं की आपण भित्रट आहोत. मला राग आला, खरंच सांगतो. भित्री नाही हो ती, मी लहान आहे! पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

एकदा मैदानाच्या कडेला बसून ती नाड्या सोडत होती. मोजा काढताना डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तू गप्प राहा हं. त्या वकिलीणबाईंनी गेल्या महिन्यात कापड परत नेलं. म्हणाल्या, मास्टरांची नजर आता पूर्वीची राहिली नाही. दोन दिवस जेवले नाहीत बाबा. त्यांचं माप चुकलं हे माझ्या तोंडून त्यांना कळायला नको."

असं होतं तर! कोडं सुटलं, पण सुटून माझा जीव हलका झाला नाही. बापाचं मन राखायला पोरगी आपली नोकरी पणाला लावत होती, आणि मधल्या मधे दोघांनाही त्रास देत होतो मी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना सुट्टी दिली. दुपारी मास्टर मोजे रफू करायला बसले. चार जोड होते. एक मोजा उचलला, अंगठ्याशी भोक. त्याचा जोडीदार धडधाकट. दुसरा जोड, तसाच. तिसरा, तसाच. मास्टरांचा हात थांबला. ताण पडतो तिथेच कापड जातं, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

"टाचणे, इकडे ये. मोजे काढ."

"कशाला?"

"काढ म्हणतो ना."

नख बघून आई आतून धावत आली. "अगं बाई, हे काय करून ठेवलंस!" मग मोर्चा मास्टरांकडे. "पोरीला दुकानात न्यायला काय झालं होतं तुम्हाला? मोठे आले कागद घेऊन!"

मास्टर उठले. जमिनीवर खाकी कागद पसरला, टाचणीला दोन्ही पायांवर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पाय आखले. कापले. एकावर एक ठेवले. डाव्याच्या पुढे उजवा चांगला अर्धं बोट डोकावत होता. मास्टर त्या कागदांकडे बघतच राहिले.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता बरं वाटतंय होय?"

टाचणी रडायला लागली. आई म्हणाली, "रडारड मागाहून. उठा, नवे आणून द्या तिला."

"नको," टाचणी नाक पुसत म्हणाली. "सरांनी बजावलंय, कोरा बूट परीक्षेला आणायचा नाही. हमखास फोड येतात. मी हेच घालणार."

मग मास्टरांनी मला मांडीवर घेतलं. कात्री बाजूला ठेवली आणि शिवण उसवायचं धारदार पातं उचललं. कर्रकन आवाज झाला आणि उजव्याचं नाक उघडं! आतल्या मऊ गादीचा तुकडाही बोटांखालून कापून काढला. पण लगेच शिवायला बसले नाहीत ते. तसाच फाटका बूट तिच्या पायात चढवला.

"चाल. आता चवड्यांवर उभी राहा. बस खाली. कुठे टोचतंय?"

"नाही टोचत."

"टाचणे, खरं सांग."

ती थांबली. "इथे. कडेला."

"अजून?"

"वरती पण जरासं."

प्रत्येक जागेवर मास्टर खडूने खूण करत गेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा या घरात बुटांबद्दल खरं बोललं जात होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की पात्याचं दुःख विसरलो. पोहण्याच्या पोशाखाचं ताणलं जाणारं काळं कापड त्यांनी शोधलं, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घातलं आणि हाताने, दुहेरी दोऱ्याने टाके घालायला बसले. दोन सुया मोडल्या. आई तिसरी ओवून देत म्हणाली, "दिसतंय ना नीट?" मास्टर म्हणाले, "दिसतंय. आत्ता दिसतंय."

सकाळी मैदानावर मला बघून पोरी फिसकन हसल्या. "अगं, तुझ्या बुटाचं नाक कुणी कापलं?"

"माझ्या बापाने," टाचणी म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

पळणं झालं. दोर झाला. मग नागमोडी. शिट्टी वाजली आणि टाचणीने उजवं पाऊल सरळ टाकलं. अंगठा पुढे सरकला, ठिगळ ताणलं, मी जागा दिली. काय सांगू! तो पाय इतके दिवस माझ्यात आखडून बसला होता, तो आज पसरला. खुंटी, वळण, खुंटी, वळण. मी कडेने घट्ट धरून ठेवलं तिला, तसूभर कलंडू दिलं नाही. कडेला उभ्या सरांनी आपलं घड्याळ बघितलं, हलवलं, पुन्हा बघितलं. "एकोणीस पॉइंट चार."

शेवटी वाळूचा माणूस. निम्म्या वाटेवर दोन टाके तुटले. पट् पट् आवाज मला ऐकू आला. अंगठा बाहेर डोकावला, मातीला लागला, पण टाचणी थांबली नाही. रेघ ओलांडून तिने तो माणूस खाली ठेवला आणि त्याच्याशेजारीच आडवी झाली.

दुपारी टेबलामागच्या कारकुनाने नंबर वाचले. तिचा नंबर होता. ती कुंपणाकडे धावली. मास्टर सकाळपासून तिथेच उभे होते. ती पोचली तशी ते सरळ खाली बसले आणि माझं नाक चाचपायला लागले.

"दोन टाके गेले," ते म्हणाले. "दोरा तिहेरी घ्यायला हवा होता."

"बाबा, मी पास झाले."

"हो, ऐकलं मी," मास्टर म्हणाले. पण मान वर करेनात. माझ्या ठिगळावर टपटप पाणी पडत होतं, म्हणून मला कळलं.

आता टाचणी प्रशिक्षण केंद्रात असते. तिथे तिला खात्याचे जाडजूड बूट मिळालेत. माझा तळ झिजलाय, कडा सुटल्यात, मी इथे मशीनपाशी बसून येणारीजाणारी माणसं बघतो. मास्टर गिऱ्हाइकाला म्हणतात, "आता दुसरा हात पुढे करा." गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, एका हाताचं घेतलंत ना?" मास्टर ऐकत नाहीत. चार महिन्यांत बरोबर सारखे असे दोन हात एकाचेही निघाले नाहीत. मास्टरांना याचं अजून नवल वाटतं. मलाही.

तुम्ही बूट घ्यायला जाल तेव्हा कृपा करून स्वतः जा, दिवस उतरल्यावर जा, दोन्ही पायांत घाला आणि उभे राहा. काय करायचंय त्यात, ते दुकानदाराला नीट सांगा. आणि टोचलं तर तिथेच बोला. आम्हाला राग येत नाही.

बरं, आता आटपतं घेतो. टाचणी सुट्टीवर आलीय. मास्टरांनी तिला नवा सदरा शिवलाय, तो घालून ती आत्ताच समोर येऊन उभी राहिली. मास्टरांनी विचारलं, "कसा झाला?"

टाचणीने दोन्ही हात वर केले, खाली घेतले. "खांद्यांत आवळतोय, बाबा."

"आवळतोय?" मास्टरांचा चेहरा असा काही उजळला, की आई आतून बघायला आली. "काढ, काढ लवकर! आत्ता उसवतो."