हिरव्या दिव्याचं काही खरं नाही

मी जानीच्या घरातली पेटी बोलतेय. सरकारी कागदावर माझं नाव चांगलं लांबलचक आहे, भूकंपमापक अमुक तमुक, पण पाड्यावर ते कोणी घेत नाही. "पेटी काय म्हणते?" एवढंच विचारतात. आणि खरं सांगायचं तर पेटी काहीच म्हणत नाही. पेटी लिहिते. तेही सगळं होऊन गेल्यावर. आज पहिल्यांदाच तोंड उघडतेय, कारण एका बाजूने चेपलेय आणि मनातली धाकधूक काही जात नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यातला. माझ्या पोटात स्प्रिंगवर एक वजन टांगलंय. जमीन हलली की मी हलते, पण ते वजन भारी आळशी, जागचं हलायला वेळ लावतं. मी हलले किती आणि ते मागे राहिलं किती, तो फरक मी लिहून ठेवते. एवढीच माझी अक्कल. बाकी वायरी, बॅटरी, छपरावरचं सोलर आणि एक टिकलीएवढा हिरवा दिवा. यंत्रांच्या हिशोबात माझी चाळिशी उलटलीय. झाकण नीट बसत नाही, आणि थंडीत जरा जास्तच कुरकुरते.

२०१८च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली आणि मग वर्षानुवर्षं अधूनमधून हलतच राहिली. आधी धडाम असा सुरुंगासारखा आवाज, मागून झटका. लोक म्हणायचे, कोणीतरी खाली दगड फोडतंय. प्रत्यक्षात भूकंप इतक्या वरच्या थरात होत होते की त्यांची थरथर जमिनीतून निघून हवेत आवाज होऊन यायची. त्यातल्या बहुतेकांचा माणसाला पत्ताही लागायचा नाही. तेच टिपायला मला तलासरीजवळच्या ह्या पाड्यावर आणलं.

मला बसायला पक्कं जोतं लागतं. पाड्यात तशी खोली एकच होती, जानीच्या मुलाने, नविनने, मागच्या अंगाला बांधलेली. विटांची, वर पत्रा. नविन उंबरगावच्या कारखान्यात शिफ्ट करतो. सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा रचून त्याने ती उभी केली होती. त्या खोलीच्या कोपऱ्यात सिमेंटच्या चौकोनावर मला बसवलं, आणि त्या दिवसापासून जानीची मान ताठ झाली.

"एवढी महागाची पेटी सरकार पडायच्या जागी ठेवील काय?" ती सगळ्यांना सांगायची. "आमचीच खोली पाड्यात सगळ्यात मजबूत. म्हणून तं आणली."

मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं, बाई, मला जमीन पक्की हवी होती, भिंतीचं मला कोणी विचारलंच नव्हतं! पण ओरडणार कशी?

ऐकायचं काम मात्र मी मन लावून केलं. कधी कधी नको इतकं. जानीचं मुसळ, शेळीने खांबाला घासलेली पाठ, हायवेवरचे ट्रक, सगळं माझ्या रेघेत येतं. समुद्र इथून दिसतसुद्धा नाही, पण डहाणूच्या किनाऱ्यावर लाटा आपटतात त्याची बारीक धडधड रात्रंदिवस मला लागते. पूर्वी माणसं डोळे फोडून ह्या गोंधळातून भूकंप निवडायची. हल्ली कॉम्प्युटरला शिकवलंय, हे मुसळ, हा ट्रक, हा भूकंप. त्यामुळे पूर्वी निसटून जायचे असे कितीतरी बारीक झटके आता सापडतात. जानीचं मुसळ सुरुवातीला दोनदा भूकंप म्हणून नोंदलं गेलं होतं. हे मी तिला कधी कळू दिलं नाही, उगाच अजून ताठली असती.

आता माझ्या दिव्याचं सांगते, कारण सगळा घोळ त्यानेच केला.

हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरलेली. लाल म्हणजे बॅटरी संपत आलीय. बस. पण मागच्या पावसाळ्याच्या शेवटी भोपळ्याचा वेल छपरावर चढला आणि सोलरवर पसरला. ऊन मिळेना, मी लाल झाले. जानीने पाहिलं आणि घरातल्या सगळ्यांना अंगणात काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच एक झटका आला. येणारच की! त्या आठवड्यात रोजच एखादा येत होता. पण जानीच्या डोक्यात पक्कं बसलं. पेटीला आधी कळतं. लाल झाली की बाहेर, हिरवी असली की आत.

पाडाभर झालं. सकाळी पाण्याला जाताना बाया दारातून डोकावायच्या. "हिरवा हाय ना गं?" "हाय, हाय." मी आयुष्यात कोणाला फसवलं नाही, आणि इथे नुसती बसल्या बसल्या अख्ख्या पाड्याला फसवत होते.

डिसेंबरात जानीची सून शितल कासा गावच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, जेमतेम दोन किलोची. नाव ठेवायचं होतं, तोवर सगळे तिला धाकली म्हणायचे. नर्सबाईंनी बजावून पाठवलं होतं, पोरीला थंडी लागता कामा नये. आणि नेमके तेव्हाच झटके वाढले. लोक पुन्हा ताडपत्रीखाली निजायला लागले. बाहेर निजवावं तर थंडी, आत निजवावं तर भिंत.

शितल घाबरलेली. "आये, आत भ्या वाटतं वं."

"पेटीजवळ निज," जानी म्हणाली. "मी दिव्यावर लक्ष ठेवते. लाल झाला की उचलते तुम्हाला दोघींना."

खाट आली ती माझ्या शेजारी, विटांच्या भिंतीला अगदी चिकटून. दोन किलोचा जीव, त्याच्या डोक्यावर नविनची भिंत, आणि राखणीला कोण? मी! जिला भूकंप आल्यावर कळतं ती. धाकली रडली की रेघेत काही उमटायचं नाही, इतकी हलकी ती. पाड्यातली सुईण सुकीबाई शेकायला-चोळायला यायची, तिच्या पावलांची नोंद व्हायची. मी प्रत्येक पाऊल मोजायची आणि वाटायचं, हे पाऊलच असू दे.

नवव्या दिवशी भाविका आली. भाविका म्हणजे डहाणूजवळच्या मसोली गावची मुलगी, पेट्यांची देखभाल करणारी. महिन्यातून एकदा येते, माझं लिहिलेलं लॅपटॉपवर उतरवते आणि झाकणावर चापट मारते. आत येऊन खाट पाहिली आणि दारातच थांबली.

"जानीमावशी, ही इथे का निजवली?"

"का म्हणजे? दिवा हिरवा हाय."

"मावशी, तो बॅटरीचा दिवा आहे."

"असंल. पण लाल झाला न् भूकंप झाला."

भाविका खाली बसली. वेलाची गोष्ट तिने हळूहळू उलगडून काढली, वेल सोलरवर आला म्हणून लाल, वेल काढला म्हणून परत हिरवा. मग सांगितलं, "हिला आधी काही कळत नाही. कोणालाच कळत नाही. मोबाइलवर येतं ना, उद्या चार वाजता मोठा भूकंप, ते धादांत खोटं. दूरच्या भूकंपाचा निरोप काही सेकंद आधी देता येतो. आधी हलकी लाट पळत येते, मागून जोराची. पण आपल्या इथे भूकंप पायाखालीच होतो. दोन लाटांत सेकंदाभराचं अंतर. तेवढ्यात तुम्ही काय उचलणार?"

"पण का होतो? ते तरी कळलं का तुमच्या सायबांना?"

"पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, असा एक अंदाज आहे. शोध चाललाय. पुढे मोठा येईल की हे असंच विझून जाईल, तेही माहीत नाही."

जानीचं तोंड बघवेना. ती माझ्याकडे वळली. "मंग तू हायस कशाला गं? फुकटची जागा अडवून बसली!"

बरोबरच होतं. दिवा मात्र निर्लज्जासारखा लुकलुकत होता.

भाविकाच उठली. "कधी येईल ते मला विचारू नका. आलाच तर काय पडेल, ते आपण दोघी बघून घेऊ."

तिने विटांच्या भिंतीवर तळवा ठेवून दाबलं. सांध्यातला चुना-सिमेंट वाळूसारखा गळला. दारावर भिंती बांधून धरणारी काँक्रीटची आडवी पट्टी नाही, कोपऱ्यात भिंती एकमेकींत अडकवलेल्या नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या. मग ती पुढच्या जुन्या खोलीत गेली. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप, वर पेंढा. तिथे शेळ्या बांधायचे. तिने कुडावर जोर दिला. कूड वाकला आणि परत जागेवर आला.

"टोपलीगत," जानी पुटपुटली.

"हो. हलेल, पण कोसळणार नाही. आणि कोसळलाच तरी अंगावर माती पडेल, विटा नाही."

संध्याकाळपर्यंत शेळ्या बाहेर, माळ्यावरचं जातं खाली, आणि खाट कुडाच्या खोलीत. घमेल्यात निखारे, दाराला गोधडी. सुकीबाईने पाहिलं आणि हात कमरेवर ठेवले.

"काय वं जानी, बाळंतिणीला शेळ्यांत निजवलीस? माहेरची माणसं आली तं काय सांगशील?"

"शेळ्या बाहेर काढल्या हायत. तुला वास आवडत असंल तं तू निज त्यांच्यात."

नविन शिफ्टवरून आला आणि त्याने रिकामी खोली पाहिली. म्हणाला, "आये, मी ती खोली शेळ्यांसाठी बांधली काय?"

"शेळ्या पण नको तिथे."

"मंग कोण ऱ्हाणार?"

"पेटी," जानी म्हणाली.

अशी मी एकटी उरले. खरं सांगू? बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. माझी नव्हे. आत थंडी शिरत असली तर? पोरगी गारठली, तर लोक म्हणतील त्या भाविकाने आणि तिच्या पेटीने घात केला. आणि भूकंप आलाच नाही, तर आठवड्यात जानी खाट परत आणेल. तो यावा असं वाटणंसुद्धा पाप, आणि येऊ नये म्हटलं तर खाट परत. दोन दिवस माझं काही मन लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला आला. अंगणात मुसळ चालू होतं, धप्, धप्, धप्, आणि एकदम रेघ उसळली. पहिली लाट. मी मनात म्हटलं, पळा. म्हणेपर्यंत दुसरी आली. भिंत आधी बाहेर झुकली, मग आत. नविनने रचलेल्या वरच्या ओळी माझ्यावर आल्या. वायर तुटली. तिथपर्यंतचं सगळं मी लिहिलंय, एकवीस सेकंद. त्यानंतर काही नाही.

ते "काही नाही" फार वाईट असतं. मुसळ का थांबलं? सगळ्यांनी थांबवलं असेल म्हणून, की...? शितल कुठे होती? तापल्या पत्र्याच्या उबेसाठी धाकलीला परत इकडे तर आणलं नव्हतं ना? मला एवढंच आठवत होतं की विटा पडल्या तेव्हा त्यांच्याखाली कोणीतरी असल्यासारखा एक मऊ आवाज झाला होता.

भाविका आली तेव्हा किती वेळ गेला होता, मला माहीत नाही. तिने विटा बाजूला केल्या, तिच्या बॅटरीला मला जोडलं. दिवा लागला. हिरवा! चेपलेली, धुळीने भरलेली, वरून आभाळ दिसतंय, आणि माझा दिवा म्हणतोय सगळं ठीक.

मग रेघ सुरू झाली. आधी समुद्राची धडधड. आणि त्यावर धप्. धप्. धप्.

जानी कांडत होती. ज्या घरात वाईट झालंय त्या घरात मुसळ चालत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. बाळंतिणीला पेज लागते, म्हणून कांडत होती. विटांखाली सापडला तो मऊ आवाज म्हणजे शितलने वाळवून ठेवलेलं गोधड्यांचं बोचकं. नेमकं खाटेच्या जुन्या जागेवर.

नविन ढिगापाशी उभा होता. एक वीट उचलली, ठेवली. "पुन्हा बांधीन," म्हणाला. "भाविकाताई, ती पट्टी कशी घालायची ते दाखव."

एकटीच्या शब्दावर भूकंपाचा आकडा ठरत नाही, चार-पाच पेट्यांची साक्ष जुळवावी लागते. जुळवली, तर तीन पूर्णांक आठ निघाला. कागदावर तो लहानच आहे. आकडा एकाने वाढला की ताकद तीसपटीने वाढते. पुढचं मी मनात आणत नाही. म्हणजे आणते. सारखं आणते.

सध्या मी मसोलीत भाविकाच्या टेबलावर झाकण उघडं टाकून पडलेय. नवा भाग येईपर्यंत बंद. तिकडे पाड्यावर आता कोणी लिहीत नाहीये, ह्याचाच घोर आहे. निघताना जानीने गाडीत हात घालून माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि भाविकाला बजावलं, "लवकर आण तिला. पण तो दिवा तेवढा झाकून आण." भाविकाने तिथल्या तिथे काळी चिकटपट्टी लावली. चांगलं केलं. मला जे येत नाही ते माझा दिवा मिरवत होता.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे, डहाणूला राहा नाही तर आणखी कुठे. कधी येणार ते मला विचारू नका, मला माहीत नाही. आज अंग टाकायच्या आधी एकदा बघा, उशाशी कसली भिंत आहे, माळ्यावर काय ठेवलंय, दार नीट उघडतंय का. माझ्याकडे नका बघू.

वर बघा.