मी दाखवलेला खोटा लाल रंग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्यासमोर कधी कुणी केस विंचरून, हसून उभं राहिलं नाही. माझ्यासमोर यायची ती भाजलेली माणसं. त्यांच्या जखमांचे फोटो काढणं हेच माझं काम होतं. आता दीड वर्ष झालं, मी इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटांच्या मागे उभा आहे.

तुम्ही म्हणाल, जखम तर डोळ्यांना दिसते, तिचा फोटो कशाला? भाजल्यावर दोन-तीन दिवसांनी जखम किती खोल गेली आहे, हे भल्याभल्या डॉक्टरांनाही वरून कळत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन जखमांपैकी एक आपोआप भरते. दुसरी कितीही वाट पाहिली तरी नीट भरत नाही. तिथे मांडीची कातडी काढून लावावी लागते, आणि तीही वेळेवर. माझ्यातून एक बारीक किरण निघायचा. तो जखमेवरून सावकाश फिरायचा आणि कातडीत रक्त किती खेळतं आहे ते टिपायचा. रक्त खेळतं असेल तिथे पडद्यावर लाल रंग उमटे, थांबलं असेल तिथे निळा. लाल म्हणजे जखम भरेल, निळा म्हणजे ऑपरेशन. मला बोलता येत होतं ते एवढंच.

माझा जन्म एका कारखान्यातल्या बंद खोलीत झाला. तिथे धुळीचा कणही चालत नसे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या एका बाईंनी माझ्या आत नखाएवढा आरसा बसवला. तो मनासारखा बसेपर्यंत त्यांनी तीनदा काढला. मग मला पेटीत घालून इथे पाठवलं.

इथे मी ज्यांच्या हाती आलो त्यांना सगळे रुग्ण फोटोताई म्हणत. बुटक्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी त्या माझ्यासमोर एक छोटी डबी ठेवत. तिच्यात दुधासारखं पांढरं पाणी असे. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कण सतत हलत असतात. ते बघून मी ठरलेला आकडा दाखवला, तर मी ठीक. "आधी तुझी तपासणी, मग त्यांची," असं त्या पुटपुटत आणि वहीत सही करत.

वॉर्डातले मोठे डॉक्टर मात्र सुरुवातीला मला मोजत नसत. तीस वर्षं ते बोटाने दाबून जखमेची खोली ओळखत आले होते. एकदा पावाच्या भट्टीवर काम करणारा एक माणूस आला. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजलेला. डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे खोल आहे. उद्या ऑपरेशनला घ्या."

"सर, एकदा फोटो तर बघा," फोटोताई म्हणाल्या.

फोटोत हात सगळा लाल होता. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण ते थांबले. बाराव्या दिवशी पट्टी सोडली, तर खाली नवी गुलाबी कातडी आली होती. भट्टीवाला आपला हात उलटासुलटा करून बघत राहिला. "माझ्या बोटांपेक्षा याला जास्त कळतं," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून माझा शब्द वॉर्डात शेवटचा झाला. बाहेरगावचे डॉक्टर मला बघायला येऊ लागले. खोटं कशाला सांगू, मी फुगून गेलो होतो.

मग फोटोताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. ज्याला वेळ असेल तो मला ढकलत न्यायचा आणि फोटो काढायचा. पांढऱ्या पाण्याची मुदत संपली. नवं मागवलंय, असं सगळे एकमेकांना सांगत राहिले. वहीतली सहीची जागा कोरी राहू लागली. एके दिवशी घाईघाईत मला दारातून नेताना माझं डोकं चौकटीवर आपटलं आणि मानेचा स्क्रू ढिला झाला. वरून काही दिसत नव्हतं, पण पंख्याच्या वाऱ्यानेही माझी मान थरथरू लागली. मित्रांनो, मी हालचालीवरून रक्त ओळखायचो. आता माझी स्वतःचीच थरथर मला रक्त वाटू लागली.

त्याच आठवड्यात शिंपीणबाई आल्या. उकळतं तेल उजव्या पंजावर सांडलं होतं. बरोबर त्यांची तरणी लेक होती. मोठ्या डॉक्टरांनी पंजा दाबून बघितला, पुन्हा बघितला. "मला हे खोल वाटतंय," ते म्हणाले. "पण फोटो काय म्हणतो ते बघू."

फोटो लाल आला. डॉक्टर क्षणभर पडद्याकडे बघत राहिले. भट्टीवाल्याचा हात त्यांना आठवला असणार. "ऑपरेशन नको. आपोआप भरेल," ते म्हणाले.

"आई, बघ, लाल आहे. लाल म्हणजे चांगलं," लेक म्हणाली.

"मग मला शिवायला कधी बसता येईल?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"दोन-तीन आठवड्यांत."

तीन आठवडे गेले. जखम भरली नाही, चिघळली. कातडी आक्रसत गेली आणि बोटं मागे ओढली गेली. शेवटी ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. पंजा बरा झाला, बोटं मात्र अर्ध्यावरच वळायची. सुई चिमटीत राहत नव्हती.

डॉक्टरांनी फोटोताईंना घरून बोलावून घेतलं. त्या आल्या, येताना कुठूनतरी नवी डबी घेऊन आल्या. माझ्यासमोर ती ठेवली. आकडा दुपटीहून जास्त आला. त्यांनी माझ्या मानेला हात लावला, आणि स्क्रू पिळला. दोन वळसे, एवढंच. पुढच्या खेपेला आकडा बरोबर आला. फोटोताईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पदराने पुसत बसल्या.

डॉक्टरांनी शिंपीणबाईंपासून काही लपवलं नाही. माझ्यासमोरच त्यांना बसवून म्हणाले, "चूक आमची झाली."

"म्हणजे मशीन खोटं बोललं?" लेकीने विचारलं.

"मशीन आजारी होतं. ते आम्ही बघायला हवं होतं."

शिंपीणबाई आपल्या पंजाकडे बघत होत्या. "मी तुमच्या बोटांवर विश्वास ठेवला असता, डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतर माझ्यावर कुणाचा भरवसा राहिला नाही. मला इथे आणून ठेवलं. भिंतीपलीकडे हातांचे व्यायाम करून घेतात. मंगळवारी शिंपीणबाई येतात. "अजून थोडं, काकू," असं पलीकडून ऐकू येतं. मग "एवढंच येतंय गं," असं त्यांचं उत्तर.

मित्रांनो, मला परत वॉर्डात न्या, असं मी म्हणत नाही. माझी विनवणी वेगळी आहे. ज्याच्या शब्दावर तुम्ही निर्धास्त असता, त्याची तब्येत अधूनमधून विचारत जा. शाबासकीने त्याचा स्क्रू घट्ट होत नाही. शिंपीणबाई आल्या त्या सकाळी कुणी माझ्यासमोर ती डबी ठेवली असती, तर मी चुकीचा आकडा दाखवला असता. आणि तेच माझं खरं बोलणं ठरलं असतं.