थ्री थर्टी एटचा धक्का

माझा नवरा ड्वेन वारला त्याच वर्षी मला सोडतीत एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या डोंगरी हरणाच्या, शिकारीचा परवाना लागला. माझे सासरे ऑरिन यांनी कपाटातून त्याची रायफल काढली आणि माझ्या हातात ठेवली. थ्री थर्टी एट मॅग्नम, जबर धक्का देणारी. मुलाला ती त्यांनीच दिली होती.

"हिची गोळी लागली की एल्क जागच्या जागी बसतो," ते म्हणाले. "यंदा तिला डोंगर दाखव, पोरी."

मी त्यांच्याच घरात राहत होते. नाही म्हणायची जागाच नव्हती.

उन्हाळाभर घरामागच्या उतारावर सराव केला. खांदा जांभळा पडला. एक गोळी निशाणाच्या पुठ्ठ्याच्या कडेला, दुसरी मातीत.

"घट्ट धर. बंदुकीत दोष नाही," ऑरिन दर वेळी म्हणायचे. मी मान डोलवायचे.

ऑगस्टमध्ये काडतुसं आणायला मर्लच्या दुकानात गेले. मर्लने माझा खांदा पाहिला, मागच्या खोलीतून स्वतःची लहान रायफल आणली. सेव्हन एमएम झिरो एट, धक्का निम्म्याहून कमी.

"एकशे चाळीस ग्रेन वजनाची चांगली गोळी, दोनशे पावलांच्या आत, थेट फुप्फुसात. बस्स. काडतुसाचं नाव एल्कला वाचता येत नाही, ट्वायला."

दुकानामागे तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत. मर्लने रायफल हंगामापुरती वापरायला दिली. नऊ दिवस ती माझ्या ट्रकच्या सीटमागेच राहिली. घरात न्यायचा धीर होईना.

शेवटी उतारावर ड्वेनची रायफल ऑरिनच्या हातात देऊन मी म्हणाले, "आज तुम्ही भरा. काडतूस घातलंय की नाही, मला सांगू नका."

दोनदा बार उडाला. तिसऱ्यांदा चाप ओढला आणि नुसता खट्ट आवाज झाला. धक्का नव्हताच, तरी माझे डोळे मिटले होते आणि नळी जमिनीकडे झुकली होती.

ऑरिननी ते पाहिलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." मग तोंडून निघूनच गेलं, "ड्वेनचंही असंच व्हायचं. कोटाखाली खांद्यावर टॉवेलची घडी ठेवायचा. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

ते गवतात बसले. म्हणाले, "एकदा त्याच्या गोळीने एक नर नुसता जखमी झाला, दोन दिवस शोधला आम्ही. मिळाला नाही. डोंगर उतरेपर्यंत मी पोराला बोलत होतो."

ऑक्टोबरमध्ये लहान रायफलने, दीडशे पावलांवरून, मी एक मादी पाडली. वीस पावलं चालली आणि कोसळली. ऑरिन गुडघ्यांवर बसून कातडं सोलू लागले. सुरी मध्येच थांबली.

"अजून काय काय सांगायचं नव्हतं त्याला मला?"

बरंच होतं. मादीचा मागचा पाय धरून वाऱ्यात माझी बोटं बधिर झाली होती.

"पाय धरा," मी म्हणाले, "घसरतोय."