टकळीचा आकडा

कानाच्या मशीनच्या दुकानात सहा महिने शिकाऊ म्हणून काढल्यावर टकळीला कायम करायचं ठरलं. पगार तेवढा ठरायचा राहिला होता. टकळी हे नाव तिला दुकानातल्यांनीच ठेवलेलं, आणि उगाच नाही. ही पोरगी झोपेतही गप्प बसत नसेल.

घरी ती आणि आई, दोघीच. आई सकाळी शाळेत साफसफाई करायची आणि संध्याकाळी हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री. उभं राहून राहून गुडघ्यांची पार वाट लागली होती. टकळीने मनाशी पक्कं केलं, पगार असा मागायचा की आईची इस्त्री सुटली पाहिजे.

मावशीने तिची शिकवणी घेतली. मावशीचा धंदा जुन्या फर्निचरचा. तिच्याकडून खुर्ची घेऊन आजवर कुणी हसत बाहेर पडलेलं नाही. "आकडा जो आधी बोलला तो मेला," मावशी म्हणाली. "तू आपली मूग गिळून बस. तुझी मॅडमच बोलेल."

आता ही युक्ती कुणापुढे चालवायची, याचा विचार दोघींपैकी एकीनेही केला नाही. मॅडमचा सगळा जन्म कान तपासण्यात गेलेला. बारीकसा आवाज सोडायचा आणि चेहऱ्यावरची माशीही हलू न देता थांबायचं. पेशंटला ऐकू आलं तर तोच बटण दाबतो. अशी बाई गप्प बसण्यात हरणार होय?

मॅडमनी बोलावलं तेही तपासणीच्याच खोलीत. भिंतींना जाड फोम, दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

"बोल, किती हवेत?" मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

टकळीने मूग गिळले. मॅडम थांबल्याच. टकळीला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यायला लागली, आणि मग तोंड सुटलं. आईचे गुडघे, चादरी, घरभाडं, सगळं भडाभडा बाहेर आलं. आकडा मात्र आला नाही.

"आईचं वाईट वाटतं गं," मॅडम म्हणाल्या. "पण पगार मी तुला देणार आहे, आईला नाही. तू इथे काय करतेस ते सांग."

टकळी चिडली. बरं झालं चिडली. "म्हातारी माणसं मशीन नेतात आणि टोचतं म्हणून कपाटात टाकून देतात. मी त्यांना फोन करते, बोलावून घेते, गप्पा मारत मारत कानाला सवय लावते. आधी किती मशीनं परत यायची आणि आता किती येतात, तुम्हीच सांगा." आणि त्याच दमात आकडा सांगून मोकळी झाली.

"एवढे नाही जमणार."

टकळीने पुन्हा मागितले. बरीच ओढाताण झाली आणि गाडी मधेच कुठेतरी थांबली. मिळत होते त्याहून चांगलेच जास्त, पण आईची इस्त्री सुटेल इतके नाहीत.

ती घरी पोचली तेव्हा आई लाँड्रीला निघायच्या तयारीत होती. टकळीने सगळं सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं. "तुझी इस्त्री नाही गं सुटली."

आई चपला तशाच ठेवून दाराशी टेकली. "तू तोंडाने मागितलेस? आकडा सांगून?"

"हो. नाही म्हणाल्या तर परत मागितले."

"रागावल्या नाहीत?"

"नाही."

आई म्हणाली, "अकरा वर्षं झाली मला लाँड्रीत. मला वाटायचं, मागितलं की काढून टाकतात." तिने टकळीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "काय म्हणालीस ते परत सांग बघू. सावकाश सांग. मला निघायला अजून वेळ आहे."