नत्थुजींच्या जोडीतला टाळ

या मित्रांनो, जरा जवळ सरून बसा. तुमच्या पायाखालच्या जमिनीची गोष्ट सांगतो.

मी एक जुना टाळ आहे, ओतीव काशाचा. माझा जुळा भाऊ आणि मी एकाच दोरीत ओवलेले होतो. नत्थुजी वखर हाकतानासुद्धा आम्हाला गळ्यात घालत. मोठा भाविक माणूस! अभंग रंगला की बैलही कान टवकारायचे.

तेव्हा पूर्णेच्या या खोलगट काठावर गाव नव्हते. साचलेले पाणी, लव्हाळा आणि सकाळी कमरेइतके धुके. वरच्या अंगाची काही घरे इथे वस्ती करायला उतरली. उन्हाळ्यात पाणी आटले, मातीला हातभर भेगा पडल्या. काळ्या मातीतला माणूस भेगा पाहतो आणि जमीन घट्ट झाली असे धरून चालतो.

"अजी, आत नका जाऊ. मले भेव वाटून राहिलं," नत्थुजींची बायको मैनाबाई म्हणाली.

"अवं, काळी आपली माय हाय. माय लेकराले गिळते का?" नत्थुजी हसले आणि वखर घेऊन शिरले.

वरची खपली फुटली. बैल जू मोडून कसेबसे बाहेर आले. नत्थुजी छातीपर्यंत रुतले. त्यांनी आमची दोरी काठाकडे फेकली. मैनाबाईने मला धरले, त्यांनी माझ्या भावाला. तिने जीव खाऊन ओढले.

दोरी तुटली.

लोक सामान बांधू लागले. दिवेलागणीला मैनाबाई काठावर बसली आणि विळ्याच्या पात्याने तिने मला वाजवले. ठण्ण! गाळाखालून, फार खालून, उत्तर आले. ठण्ण.

"भूत हाय, पया!" शेजारचे महादेवराव ओरडले.

"तुमी पया, भाऊ," मैनाबाई नवऱ्याचे नाव न घेता म्हणाली, "ते कोनाचा पाय इथं पडू देत नाईत, येवढंच."

मग ती मला वाजवत पुढे चालली आणि पळायला निघालेले तिच्या मागे. उत्तर आले तिथे बाभळीचा खुंट ठोकला. जमीन गप्प राहिली तिथे घरे उठली, वाट पडली. असे हे गाव वसले. मला हळदकुंकू लागायचे, हार पडायचा.

पुढे चर खणले, पाणी नदीला गेले, खुंट वाळवीने खाल्ले. जोडीविना टाळ भजनात कुणाला हवा? देवळातल्या खिळ्याला मी टांगून राहिलो.

यंदाच्या उन्हाळ्यात मैनाबाईचा पणतू मनोज, पूर्वी खुंट होते त्या खालच्या वावरात, घराचा पाया खोदू लागला. भेगा दाखवून म्हणाला, "पाहा, दगड झाली जमीन." त्याची मुलगी प्रतीक्षा मला खेळायला घेऊन आली होती. खड्ड्यात उभी राहून तिने मला चमचा मारला. ठण्ण!

खालून उत्तर आले.

"बाबा, खाली कोनी भजन करून राहिलं का?"

"पाइप असन एखादा. वाजव पुन्हा."

पुन्हा उत्तर आले. मनोजचा चेहरा उतरला. लहानपणी ऐकलेले त्याने हसण्यावारी नेले होते. पोरीला उचलून तो धावत बांधावर आला, तोवर खड्ड्याचा तळ सावकाश खाली बसत होता.

मनोजचे घर आता देवळामागे उभे राहत आहे. पण मित्रांनो, माझ्या मनाला एक घोर लागला आहे. यंदा भावाचा आवाज फार क्षीण होता. वर नाव घेणारे कमी झाले की खालचा हात थकत असेल का?

म्हणून मागणे एवढेच. कीर्तनाला बसाल तेव्हा एकदा नत्थुजींची आठवण करा. त्यांना वर येता आले नाही. तरी दुसऱ्या कुणाला ते खाली येऊ देत नाहीत.