सुटली का बोटं?

मित्रांनो, बिजागऱ्यांच्या एका लहानशा कारखान्यात अजूनही कामावर असलेली मी एक जुनी चामड्याची मनगटपट्टी आहे. शोभेची वस्तू म्हणून माझ्याकडे पाहू नका. माझे काम ओढण्याचे. आयुष्यभर मी माणसांचे हात हिसका देऊन ओढले, कधी कोणाची परवानगी घेतली नाही, आणि त्याबद्दल मला कौतुकापेक्षा शिव्याच अधिक मिळाल्या.

माझा जन्म रक्तातून झाला. त्याआधी मी एका लांब चामडी पट्ट्याचा भाग होते. तो पट्टा प्रेसचे जड चाक फिरवी आणि पायाखालचे पेडल दाबले की प्रेसचा वरचा ठोकळा खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर, आदळे. मधे पत्रा असला तर पत्रा कापला जाई. बोट असले तर बोट. कारखान्याच्या मालकीणबाई तेव्हा त्या घरच्या नव्या सून होत्या. नवरा पत्र्याच्या पट्ट्या पाडी, त्या प्रेस चालवीत. एका दुपारी ठोकळा खाली आला तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे आत राहिली होती. त्या किंचाळल्या नाहीत. फडक्याने हात करकचून बांधला, मोटार बंद केली आणि उजव्या हातात सुरी घेऊन तो पट्टा चराचरा कापून काढला. त्याच चामड्याच्या त्यांनी चांभाराकडून दोन पट्ट्या शिवून घेतल्या. उजव्या मनगटाची मी, डाव्या मनगटाची माझी बहीण.

आमची रचना साधी होती. आमच्यापासून तारेची दोरी निघे, प्रेसच्या माथ्यावरच्या कप्पीवरून जाई आणि ठोकळ्याला बांधलेली असे. ठोकळा खाली यायला लागला की दोरी ताणली जाई आणि आम्ही कामगाराचे दोन्ही हात मागे खेचीत असू. त्याचे लक्ष असो, नसो, त्याला राग येवो, न येवो.

मात्र दोरीचे माप ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे बेतावे लागे, आणि ते काम बाईंनी कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. रोज सकाळी मोटार लावण्याआधी त्या प्रेसपाशी येत. कामगाराला डायपर्यंत बोटे पोहोचवायला सांगत. मग चाक हाताने फिरवून ठोकळा हळूहळू खाली आणीत आणि वाकून पाहत.

“सुटली का बोटं?” त्या विचारीत.

“सुटली, बाई,” असे उत्तर आल्याशिवाय मोटार सुरू होत नसे.

कामगारांना मात्र हे बांधून घेणे जाचे. गुरांना बांधतात ते दावे, असे त्यांनी आमचे नाव ठेवले होते. चल रे, दाव्याला लाग, असे म्हणत ते एकमेकांना चिडवीत. सर्वांत जास्त चिडे तो लांब्या. ताडमाड उंच, हात गुडघ्यापर्यंत आलेले, आणि तोंडाचा फटकळ. उजव्या हाताने पत्रा सारायचा, डाव्या हाताने बिजागरीचे तयार पाते उचलायचे, ही त्याची लय इतकी पक्की होती की प्रेसच त्याच्या तालावर चालते असे वाटे. त्याचा घाम पिऊन मी काळी पडले. त्याने मला दातओठ खाऊन शिव्या दिल्या आणि मी त्याची दहाही बोटे वर्षानुवर्षे घरी पाठवली.

पुढे बाईंचे केस पिकले. गिऱ्हाइकांना माल झटपट आणि एकसारखा हवा होता, आणि शेजारचे दोन कारखाने बंद पडले होते. तेव्हा बाईंनी शेजारच्या प्रेसवर एक रोबो आणवला. पिवळा, एकच हात असलेला. त्याच्याभोवती जाळी, जाळीला दार, डोक्यावर स्वतंत्र पंखा आणि सुट्टीच्या दिवशी अंगावर कापडी झूल. कामगारांनी बारशाला वेळ लावला नाही. त्याचे नाव पडले जावईबापू. आम्ही घामात मरतो आणि जावईबापूंना वारा घालतात, असे लांब्या ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे. पण ती थट्टा वरवरची होती. जावईबापू आले म्हणजे आपली प्रेस जाणार, या भीतीने त्याचे मनगट माझ्याखाली थडथडत असे.

एके दिवशी बाई डोळे तपासायला गेल्या होत्या. कारखान्यात एक मोठे गिऱ्हाईक आले होते आणि बाईंचा मुलगा, ज्याला सगळे साहेब म्हणत, त्यांना रोबो दाखवीत होता. लांब्याने आपल्या जागेवरून टोमणा मारला, की जावईबापू फार सावकाश जेवतात. गिऱ्हाईक हसले. साहेबांना ते झोंबले.

“मग लाव पैज,” साहेब म्हणाले. “संध्याकाळपर्यंत जास्त पाती तुझी निघाली तर ही प्रेस तुझी. त्याची निघाली तर उद्यापासून गोदामात खोकी उचल.”

लांब्याने हातावर थुंकून हात चोळले. मग त्याने वर पाहिले आणि माझ्या बहिणीची दोरी चार बोटे सैल केली. ताणलेल्या दोरीमुळे ठोकळा पूर्ण वर जाईपर्यंत हात आत घालता येत नसे. सैल दोरीने त्याला निमिषभर आधी पाते उचलता येणार होते. साहेबांनी ते पाहिले. गिऱ्हाईक शेजारी उभे होते. साहेबांनी मान वळवली. सुटली का बोटं, असे त्या दिवशी कोणीच विचारले नाही.

दोन्ही प्रेस धडधडू लागल्या. दुपारपर्यंत लांब्या पुढे होता. त्याचा मेहुणा, जो लेथवर काम करी, आपले काम टाकून त्याच्या पाठीशी ओरडत उभा राहिला. लांब्याच्या हातांत त्वेष शिरला होता. ठोकळ्याचा दणका, माझा हिसका, पत्रा, पेडल, पुन्हा दणका. आणि मग एक पाते डायमध्ये अडकले. लांब्याने ते डाव्या हाताने उपटायला घेतले, पण पेडलवरचा पाय लयीत होता. तो थांबलाच नाही.

मी उजवा हात मागे खेचला. माझ्या बहिणीनेही ओढले, मित्रांनो, जीव तोडून ओढले. पण दोरीला तिच्या ताकदीपेक्षा चार बोटे ढील अधिक होती. हाडांचा आवाज पत्र्यासारखा नसतो. तो ओला असतो. ठोकळा वर गेला तेव्हा डायमध्ये तीन बोटे होती आणि लांब्या आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहत होता. रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. मग तो ओरडला.

शेजारी जावईबापू पाते उचलीत होता, ठेवीत होता. त्याला कोणी थांबायला सांगितले नव्हते. ते पाहून मेहुण्याचे डोके फिरले. त्याने पहार उचलली, जाळीचे दार लाथेने उघडले, तसा रोबो जागीच थांबला, आणि मेहुणा त्याच्यावर तुटून पडला. पहिल्या घावात पंजा वाकला, दुसऱ्यात मनगट फुटले, तिसऱ्यात तारा आतड्यांसारख्या बाहेर लोंबल्या. कोणीतरी अडवायला गेले, त्याच्या बरगडीत त्याने पहारेचे टोक हाणले. तेवढ्यात दारातून बाई आत आल्या.

त्यांनी आधी लांब्याचा हात आवळून बांधला आणि त्याला गाडीत घालून रवाना केले. मग जाळीत शिरून मेहुण्याची पहार धरली. दोन बोटे नसलेल्या डाव्या हाताने धरली.

“याचा पंजा आठवड्याने खोक्यात घालून येईल,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मेहुण्याचा येईल का? आणि हे सांग. तू दार उघडलंस तेव्हा हा थांबला होता ना? मार खात उभा राहिला ना? लांब्याची प्रेस अशी थांबली का?”

मेहुण्याने पहार सोडली आणि तो जमिनीवर बसून ढसाढसा रडला. बाई लांब्याच्या प्रेसकडे वळल्या. त्यांनी सैल दोरी बोटांनी मापली आणि मुलाकडे पाहिले.

“तू बघितलंस?”

साहेबांनी मान खाली घातली. बाईंनी सर्वांसमक्ष त्यांच्या मुस्कटात मारली. त्या थपडेचा आवाज मला ठोकळ्याच्या दणक्यापेक्षा मोठा वाटला.

माझ्या बहिणीला इस्पितळात कात्रीने कापून रक्ताळलेल्या बोळ्यांबरोबर बादलीत टाकले. मला खिळ्यावर टांगले. तिथे धूळ खात मी पाहत राहिले. रोबोला नवा पंजा आला. दुसऱ्या प्रेसवरही रोबो आणण्याचे ठरले, आणि त्यापायी एकाही माणसाला काढायचे नाही, असे बाईंनी साहेबांना बजावले. अंगठा आणि करंगळी उरलेला डावा हात घेऊन लांब्या परतला, तेव्हा रोबोला काम शिकवायचे त्याच्याकडे आले.

“वैऱ्याला शिकवू?” त्याने विचारले.

“वैरी तो नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डायच्या उघड्या तोंडाकडे बोट दाखवले. “वैरी तिथे आहे. त्याच्या तोंडाला आता माणूस द्यायचा नाही.”

दुसरा रोबो आला. त्याच्या मनगटाजवळच्या तारा लोंबून डायमध्ये जाऊ पाहत होत्या. लांब्याने इकडेतिकडे पाहिले, मला खिळ्यावरून काढले, झटकले आणि तारांभोवती आवळून बांधले. तेव्हापासून मी पुन्हा मनगटावर आहे. या मनगटाला घाम येत नाही, ते थडथडत नाही आणि मला शिव्या घालत नाही. खरे सांगते, कधीकधी त्या शिव्यांची आठवण येते.

बाई आता नाहीत. माझ्या कडांना चिरा पडल्या आहेत. परवा एका नव्या कामगाराने, दार उघडले तरी रोबो चालू राहावा म्हणून, दाराच्या खटक्यावर तार गुंडाळली. साहेबांनी ती पाहिली, आणि या वेळी त्यांनी मान वळवली नाही. तार स्वतःच्या हाताने तोडली आणि त्या पोराला दिवसभर लांब्याचा डावा हात पाहत बसवले.

मित्रांनो, मला तेल लावा अशी विनंती मी करणार नाही. माझे दिवस भरत आले. पण तुमच्याही वाट्याला कधीतरी एखादे दावे येईल, हात अडवणारे, घाई मोडणारे, चारचौघांत हसे करणारे. त्याची दोरी सैल करण्याआधी, ती कोणाच्या बोटांनी मापली गेली आहे, एवढे विचारा.

सकाळ झाली की लांब्या जाळीचे दार उघडतो. रोबो थांबतो. लांब्या माझे टोक दातांत धरून बक्कल आवळतो, कारण डाव्या हाताला ते जमत नाही. मग चाक हाताने फिरवून ठोकळा हळूहळू खाली आणतो आणि वाकून पाहतो. पोलादी पंजा डायबाहेर असतो. विचारणारे आता कोणी नाही. तरीही मोटार लावण्याआधी तो रोज, हलक्या आवाजात, सांगतो,

“सुटली, बाई.”