भामाबाईंनी घासलेली पट्टी

दातांची डॉक्टरीण म्हणजे दिवसभर पांढरेशुभ्र दात बघत बसणारी बाई, असं आमच्या किनवटच्या घरी अजूनही वाटतं. माझा प्रबंध मात्र शुद्ध घाणीवर होता. हिरड्या सडवणारे जंतू दातात भरायच्या कुठल्या मसाल्याला जास्त चिकटतात? चांदीच्या, सिमेंटच्या, की दाताच्या रंगाच्या? हिरड्यांचा त्रास असलेल्या दहा माणसांच्या टाळूला एकेक पट्टी बसवायची, पट्टीवर तिन्ही मसाल्यांच्या बारीक टिकल्या. चार दिवस ती तोंडात ठेवायची. जेवताना काढून ओल्या डबीत ठेवली तर चालेल, पण घासायची नाही. मग टिकल्यांवरचे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे.

२०१६ चा एप्रिल. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. पट्टी घासायची नाही म्हटल्यावर माणसं खूशच झाली, तेवढंच पाणी वाचलं! नऊ जणांचं काम सुरळीत पार पडलं.

दहाव्या भामाबाई. औशाकडची शेती नवऱ्यावर सोपवून लातुरात मुलाकडे आलेल्या. त्यांना आणलं आमच्या प्रयोगशाळेतल्या मन्मथअप्पांनी. अप्पा मूळचे उदगीरचे, उदगीर जिल्हा झाला की पहिल्या एसटीनं परत जाणार असं रोज सांगणारे. भामाबाई त्यांच्या लातूरच्या गल्लीतल्या.

चार दिवसांनी भामाबाई आल्या आणि पदराखालून डबी काढून टेबलावर ठेवली. मी उघडली. पट्टी लखलखत होती.

"मावशी, हे काय केलंत?"

"राखेनं घासली. चांगली निघाली का न्हाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रबंध द्यायला सहाच दिवस उरले होते, आणि हुकला की सहा महिने घरी. मी तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता एक जुनी शंकाही बाहेर पडली. माझ्या आजीच्या ओंजळीत गावात वरून पाणी ओतायचे. आता माझ्या हातची वस्तू तोंडात घालायची म्हणून घासत बसल्या असतील, दुसरं काय!

"आमच्या हातचं चालत नव्हतं तर आधीच सांगायचं होतं," मी म्हणाले.

भामाबाईंचा चेहरा एवढासा झाला. पदर सावरून त्या निघून गेल्या.

अप्पा दारातच उभे होते. "बाई, लई चुकलात," ते म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू घाण परत देत न्हाईत त्या. शेजारणीची वाटी सुद्धा घासून, वर चिमूटभर साखर घालून देतात. नळ आठ दिवस आला न्हाई. काल प्यायच्या घागरीतलं पाणी घेऊन घासत बसल्या होत्या. मी बघितलंय, पण काय घासतात ते आत्ता कळलं."

मला बसवेना. नवी पट्टी घेतली आणि तशीच त्यांच्या घरी गेले. भामाबाई गहू निवडत होत्या. मी सरळ कान पकडले. "मावशी, माझं चुकलं. मी भलतंच बोलले. पण आता तुम्ही नाही म्हणालात तर माझे सहा महिने बुडाले."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला बी नीट सांगायचं ना, घाणच पायजे म्हणून! घाण कशाला पायजे असंल कुणाला?"

"जंतू मोजायचेत, मावशी. मला घाणच हवी."

"बसव मग," म्हणाल्या आणि आ केला.

पुढचे चार दिवस माझा जीव टांगणीला. त्यात भावाच्या मुलीची सुपारी फोडायला भामाबाई औशाला गेल्याचं कळलं. पाहुण्यारावळ्यांत पट्टी काढून कोनाड्यात टाकली असेल, असं मी धरूनच चालले.

पाचव्या दिवशी सकाळी त्या आल्या, तोंडावर पदर घेऊन. अंगावर कोरी साडी.

"साडी कसली, मावशी?" मी विचारलं.

पदराआडूनच बोलल्या. "तोंडाला वास यायलाय म्हणून मी सुपारीत कुणाशी बोलले न्हाई. भाऊ म्हणला, भामा रुसली. भावजयीनं साडी नेसवली, पाया पडली. मी मान हलवत बसले."

अप्पा हसून हसून बेजार. मी हातमोजे चढवले आणि डबी पुढे केली. "काढा."

भामाबाईंनी मान हलवली. "न्हाई होत माझ्यानं. तूच काढ."

मी पट्टी काढली. काय सांगू! तिन्ही टिकल्यांवर पिवळट थर, सिमेंटच्या टिकलीवर तर साय धरल्यासारखा जाड. मी आनंदानं ओरडलेच. "मावशी, किती छान घाण आहे!"

त्यांनी लाजून डोळे मिटले. "आपल्या तोंडातलं असं कुणाच्या हातात देत न्हाई मी. सख्ख्या सुनेला बी दिलं न्हाई. तुला दिलं बघ."

मला एकदम रडू आलं. हातात पट्टी, डोळे पुसता येईनात. शेवटी भामाबाईंनीच आपल्या कोऱ्या पदरानं माझे डोळे पुसले.